कॅस्पियनबाहेरचे पाणी

ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅस्पियन समुद्रावर सोव्हिएत संघाचे एक यान पहिल्यांदा पाण्यावरून वर उठले. त्याची लांबी ९२ मीटर होती आणि पंखांचा पसारा ३७.६ मीटर. पुढच्या चाचण्यांत त्याने गाठलेले कमाल वजन ५४४ टन. १९८८ मध्ये आन्तोनोव्ह-२२५ आकाशात जाईपर्यंत एवढे जड काहीही पंखांच्या बळावर उडालेले नव्हते. यानाचे नाव ‘केएम’ आणि त्याला दहा जेट इंजिने होती. आठ इंजिने नाकामागच्या आखूड पंखांवर, दोन्ही बाजूंना चार-चार, आणि उरलेली दोन शेपटीच्या बुंध्याशी. यान पाण्यातून सुटले की पुढची आठ इंजिने शांत करायची आणि मागच्या दोनांवर, पाण्यापासून चार ते चौदा मीटर उंचीवरून, ताशी चारशे किलोमीटरहून जास्त वेगाने निघायचे, अशी योजना. लष्करी भू-प्रभाव यानांचा इतिहास समजून घ्यायचा तर या आठ इंजिनांपासूनच सुरुवात करावी, असे मला वाटते. प्रत्येक इंजिनाचा रेटा १० टनांहून अधिक. यानाला पाण्याच्या मिठीतून एकदा सोडवले की त्यांचे काम संपायचे, आणि मग साऱ्या प्रवासभर त्यांचे ओझे वाहायचे.

या यानांची गोष्ट सहसा वेगळ्या अंगाने सांगितली जाते. काळाच्या पुढे असलेला एक प्रतिभावंत अभियंता, त्याला न ओळखणारे मंत्री आणि सरसेनापती, मग देशच कोसळणे, आणि किनाऱ्यावर गंजत पडलेले अजस्र यंत्र. या गोष्टीतले तपशील बहुतेक खरे आहेत. त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. एक्रानोप्लान म्हणून ओळखले जाणारे हे यान नोकरशाहीने मारले नाही. त्याला पाण्याने अडवले. जिथे पाणी शांत असते तिथे अंतरे थोडी असतात, आणि अंतरे मोठी असतात तिथे पाणी शांत नसते. या पेचातून सुटण्याचा मार्ग सोव्हिएत अभियंत्यांना, त्यांच्यानंतर अमेरिकनांना आणि अजून तरी कोणालाच पुरता सापडलेला नाही. पुढे जे पुरावे मांडतो आहे ते या एका म्हणण्यासाठी.

आधी या कल्पनेतली खरी ताकद पाहायला हवी, कारण ती भ्रम नव्हती. पंख हवेतून जातो तेव्हा त्याच्या खालचा दाब वरच्यापेक्षा जास्त असतो, आणि टोकांपाशी ही हवा वळसा घेऊन वर निसटते. त्यातून भोवरे तयार होतात. ते भोवरे मागे ओढत नेण्याची किंमत विमान इंधनात मोजत असते. पंख जमिनीच्या किंवा पाण्याच्या अगदी जवळ आला की खालचा पृष्ठभाग या भोवऱ्यांना पुरते वाढू देत नाही. पंखांच्या पसाऱ्याच्या एक-दशांश उंचीवर उडताना, उचलीपोटी सोसावा लागणारा हा रोध जवळजवळ निम्म्यावर येतो. शिवाय रुंद पंखाखाली कोंडलेली हवा स्वतःच टेकू देते. धावपट्टीवर उतरताना शेवटच्या काही मीटरांत विमान टेकायला तयार होत नाही, तरंगत राहते, ते याच भू-प्रभावामुळे. वैमानिकांना हा अनुभव फार पूर्वीपासूनचा. जर्मनीचे डॉर्निएर डो-एक्स हे बारा इंजिनांचे अवाढव्य समुद्री विमान १९३०च्या सुमारास अटलांटिकवर लाटांलगत उडून याच गुणाचा फायदा घेत असे. फिनलंडच्या तोइव्हो कारिओ यांनी १९३५ मध्ये बर्फावर चालवण्यासाठी असे एक छोटे यान बांधले होते. पुढे आलेक्झांडर लिपिश यांनी १९६० आणि १९७०च्या दशकांत एक्स-११२, एक्स-११३ आणि एक्स-११४ ही सुबक छोटी याने उडवून दाखवली. पण ही सगळी एखाद-दुसऱ्या माणसाला नेणारी किंवा फार तर छोट्या विमानाएवढी. या गुणावर अख्खे नौदल उभे करण्याचे धाडस एकाच माणसाने केले.

रोस्तिस्लाव अलेक्सेयेव यांचा जन्म १९१६ चा. व्होल्गाकाठच्या गोर्की शहरात, म्हणजे आजच्या निझनी नोव्हगोरोदमध्ये ते शिकले, तिथल्याच क्रास्नोये सोर्मोव्हो जहाज कारखान्यात लागले. पाण्याखाली छोटे पंख लावून होडीचे अंग वेगात पाण्याबाहेर उचलायचे, म्हणजे लाकूड-लोखंडाला पाण्याचा होणारा रोध जवळजवळ नाहीसा होतो, हा हायड्रोफॉइलचा विचार त्यांनी विद्यार्थिदशेतच धरला होता. १९५७ मध्ये त्यांच्या ‘राकेता’ने गोर्की ते काझान हे ४२० किलोमीटरचे अंतर सात तासांत कापले. नेहमीच्या आगबोटीला त्यासाठी दिवसाहून अधिक लागे. ‘राकेता’, ‘मेतेओर’ आणि ‘कोमेता’ या बोटी पुढे शेकड्यांनी बांधल्या गेल्या, सोव्हिएत नद्यांवर आणि किनाऱ्यांलगत रोजच्या झाल्या, परदेशातही विकल्या गेल्या. १९६२ मध्ये अलेक्सेयेव यांना लेनिन पारितोषिक मिळाले. ज्या व्यवस्थेने त्यांचे एक्रानोप्लान बुडवले असे सांगितले जाते, त्याच व्यवस्थेने त्याच माणसाचे दुसरे एक अनवट वाहन मनापासून उचलून धरले होते, हे नोकरशाहीला दोष देणाऱ्यांच्या हिशेबात सहसा येत नाही. दोन्हींत फरक माणसाचा किंवा मंत्रालयाचा नव्हता. हायड्रोफॉइल नदीसाठी आणि किनाऱ्यालगतच्या पाण्यासाठी होते आणि तिथेच राहिले.

अलेक्सेयेव स्वतः नदीवर घडलेले होते. शिडाच्या होड्यांचे त्यांना वेड होते, आणि त्यांची छोटी प्रायोगिक याने गोर्कीच्या वर, चकालोव्स्कजवळच्या धरणाच्या जलाशयावर चालवून पाहिली गेली. १९६१ मध्ये एसएम-१, पुढच्याच वर्षी एसएम-२, आणि मग ही मालिका वाढत गेली. हायड्रोफॉइलला एक मर्यादा असते: विशिष्ट वेगानंतर पाण्याखालच्या पंखांवर वाफेचे बुडबुडे तयार होऊन त्यांची उचलच कोसळते. पाण्याखालचा पंख पाण्यावर आणायचा, हा त्यावरचा तर्कशुद्ध उपाय होता. ख्रुश्चेव्ह यांना तो आवडला, पैसा मिळाला, आणि काही वर्षांत काही टनांच्या नमुन्यापासून थेट ५४४ टनांच्या केएमपर्यंत उडी घेतली गेली. १९६४ मध्ये एसएम-५च्या अपघातात दोघे मरण पावले, तरी काम थांबले नाही. केएम व्होल्गाच्या प्रवाहाने झाकूनपाकून कॅस्पियनवर नेले गेले आणि दागेस्तानातल्या कास्पीस्क इथे ठेवले गेले. अमेरिकी हेर-उपग्रहांच्या छायाचित्रांत ते दिसले तेव्हा तिथल्या विश्लेषकांना हे जहाज आहे की अर्धवट बांधलेले विमान, हेच उमगेना. ‘कॅस्पियन समुद्रातला राक्षस’ हे त्याचे नाव तेव्हा पडले ते कायमचे.

आता त्या आठ इंजिनांकडे वळू. पाण्यात बसलेल्या जड अंगाला वेग द्यायला लागले की पाण्याचा रोध आधी झपाट्याने वाढत जातो, एका टप्प्यावर कळसाला पोचतो, आणि अंग पाण्यावर सरकू लागले की मग कुठे उतरतो. हा कळस ओलांडण्यापुरता रेटा नसेल तर यान तासभरही पाण्यातच घुसळत राहील. विमानाला धावपट्टीवर असा अडथळा नसतो. चाकांचा रोध नगण्य असतो. अलेक्सेयेव यांचे उत्तर कल्पक होते: पुढच्या इंजिनांचा झोत खाली वळवून पंखाखाली मारायचा, म्हणजे यान वेग घेण्याआधीच दाबलेल्या हवेच्या गादीवर थोडे उचलले जाते. पुढच्या सगळ्या मोठ्या सोव्हिएत यानांनी हीच युक्ती वापरली. तरीही जोर लागायचा तो लागायचाच. उड्डाणापुरती दहा इंजिने आणि प्रवासाला दोन, याचा अर्थ यानाच्या बांधणीतला, वजनातला आणि देखभालीतला मोठा वाटा काही मिनिटांसाठी खर्ची पडला होता. पाण्याशी सलगीने उडण्यात जे इंधन वाचले, त्यातले बरेचसे पाण्यापासून सुटतानाच गमावले गेले. खारट फवारा ओढून घेणारी इंजिने लवकर खराब होतात, हा हिशेब आणखी वेगळा.

दुसरा एक हिशेब याहून कमी बोलला जातो, पण माझ्या मते तोच निर्णायक आहे. एक्रानोप्लानची तुलना नेहमी पाण्याजवळ न उडणाऱ्या पंखाशी केली जाते, आणि त्या तुलनेत ते अर्थातच जिंकते. पण त्याची खरी स्पर्धा होती ती उंच उडणाऱ्या मालवाहू विमानाशी. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जवळपास एक-तृतीयांश असते. विमान वर जाते ते याच विरळ हवेसाठी; तिथे तेवढ्याच इंधनात कितीतरी जास्त वेग मिळतो, आणि थंड हवेत जेट इंजिनही अधिक चांगले काम देते. एक्रानोप्लानला जन्मभर सर्वांत दाट हवेत राहावे लागते. भोवऱ्यांचा रोध निम्म्याने घटला तरी अंगाला घासणाऱ्या दाट हवेचा रोध तसाच राहतो, आणि वेग वाढवू लागताच तो वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १९७१ मध्ये उडालेले इल्युशिन-७६ चाळीस टन माल ताशी साडेसातशे किलोमीटरच्या वेगाने नेऊ लागले. त्याच दशकात तयार झालेले लष्करी एक्रानोप्लान ऑर्ल्योनोक वीस-पंचवीस टन माल ताशी चारशेच्या आसपास, सुमारे १,५०० किलोमीटर नेऊ शकत होते. इल्युशिनला धावपट्टी लागते आणि एक्रानोप्लानला लागत नाही, हा फरक खरा आहे. पण एक्रानोप्लानला शांत पाणी लागते, आणि धावपट्टी बांधता येते. शांत समुद्र बांधता येत नाही.

लाटेचा प्रश्न इथे येतो. पंखाखालच्या हवेचा टेकू मिळायचा तर उंची पंखाच्या रुंदीच्या छोट्या भागाएवढीच ठेवावी लागते. लाट तीन मीटरची असेल तर यानाला तिच्या माथ्यावरून सुरक्षित अंतर ठेवून जायला हवे, म्हणजे पंख वीस-पंचवीस मीटर रुंद हवा, म्हणजे यान शेकडो टनांचे हवे. केएमचा पंख सरासरी सतरा-अठरा मीटर रुंद होता. मोठ्या आकाराचा हट्ट अलेक्सेयेव यांच्या महत्त्वाकांक्षेतून आला असे समजणे चूक आहे; तो समुद्राने घातलेल्या अटीतून आला. आणि ही अट फक्त उडतानाची. उडताना लाटांवरून जाता येते, पण उडण्याआधी आणि उतरल्यावर लाटांमध्येच बसावे लागते. १४० टनांच्या ऑर्ल्योनोकसाठी उड्डाणाच्या वेळी साधारण दीड मीटरची लाट ही मर्यादा सांगितली जाते. उत्तर अटलांटिकमध्ये हिवाळ्यात तीन-चार मीटरच्या लाटा ही रोजची गोष्ट असते. ताशी दीडदोनशे किलोमीटरच्या वेगाने लाटेच्या माथ्यावर आपटणे सोसायचे तर अंग जहाजासारखे भक्कम हवे, आणि उडायचे तर ते विमानासारखे हलके हवे. या दोन मागण्या एकाच धातूकडून पुऱ्या करून घेताना काय होते हे १९७५ मध्ये दिसले. चाचणीत ऑर्ल्योनोक पाण्यावर जोरात आदळले आणि त्याचा मागचा भाग, शेपटी आणि तिच्यावरच्या इंजिनासकट, तुटून पडला. यानात असलेल्या अलेक्सेयेव यांनी स्वतः सूत्रे हाती घेतली, नाकातली दोन इंजिने पूर्ण जोराने चालवून नाकाकडचा भाग वर धरला आणि उरलेले यान बुडू न देता तळापर्यंत आणले. माणसे वाचली. ठिसूळ मिश्रधातू पुढे बदलला गेला. पण अलेक्सेयेव यांना मुख्य आरेखकाच्या पदावरून दूर करण्यात आले, आणि ते सर्वस्वी अन्यायाचे होते.

हाच प्रसंग नोकरशाहीवाल्या युक्तिवादाचा मुख्य आधार आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे. जहाजबांधणी मंत्री बोरिस बुतोमा यांचे अलेक्सेयेव यांच्याशी पटत नव्हते, ही गोष्ट खरी. यान जहाजबांधणी खात्याचे आणि इंजिने विमान खात्याची, त्यामुळे दोन्हीकडून ते परके राहिले, हेही खरे. ९ फेब्रुवारी १९८० रोजी अलेक्सेयेव वारले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात केएम कोसळले: नाक वर उचलले गेले, यान हवेच्या टेकूतून बाहेर पडले आणि एका पंखावर पाण्यात गेले. चालक वाचले, यान बुडाले ते बुडालेच. इतके जड काही वर काढणे शक्य नव्हते. संरक्षणमंत्री दिमित्री उस्तिनोव्ह या यानांचे खंबीर पाठीराखे होते. डिसेंबर १९८४ मध्ये ते वारल्यावर शंभरावर ऑर्ल्योनोक बांधण्याचे बेत गुंडाळले गेले. पण या साऱ्याची दुसरी बाजू पाहा. १९६१ पासून उस्तिनोव्ह जाईपर्यंत जवळजवळ पाव शतक या कल्पनेला पैसा मिळाला, कारखाना मिळाला, स्वतःचा सागरी तळ मिळाला, देशातल्या सर्वांत ताकदवान लष्करी प्रशासकाचा वरदहस्त मिळाला. तीन ऑर्ल्योनोक नौदलात दाखलही झाले आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र तुकडी उभी राहिली. एवढे भाग्य लाभलेले प्रयोग कोणत्याही देशात थोडे. आणि एवढे होऊनही ती तुकडी कॅस्पियनवरच राहिली. ज्या बाल्टिक आणि काळ्या समुद्रांसाठी यान सुचवले जात होते तिथे ते कामावर गेले नाही. पाठीराखा गेल्यावर जे यंत्र एका दिवसात अनाथ होते, त्याची गरज पाठीराख्याला होती, नौदलाला नव्हती, असाच अर्थ मला काढावा लागतो.

कॅस्पियनबद्दल इथे थोडे थांबून बोलायला हवे. हा जगातला सर्वांत मोठा बंदिस्त जलाशय. दक्षिणोत्तर सुमारे १,२०० किलोमीटर, उत्तर भागात तर जेमतेम पाचएक मीटर खोल. वादळे तिथेही होतात, पण महासागराचा लांबवरून येणारा जोरकस लोंढा तिथे नाही. चाचणीसाठी याहून चांगली जागा मिळाली नसती. पण त्याच्या काठावर तेव्हा सोव्हिएत संघाखेरीज एकच देश होता, इराण. म्हणजे जिथे हे यान उत्तम चाले तिथे त्याला लढायला कोणी नव्हते. बाल्टिक किंवा काळ्या समुद्रात शत्रू होता, पाणीही त्यातल्या त्यात आटोपशीर होते. मग तिथे का नको? कारण तिथली अंतरे काही शे किलोमीटरांची. १९८०च्या दशकाच्या अखेरीस आलेले झुबर हॉवरक्राफ्ट तीन रणगाडे किंवा पाचशे सैनिक घेऊन ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जाई, आणि थेट किनाऱ्यावर, वाळूवर चढून माल उतरवी. ऑर्ल्योनोकचे नाक उजवीकडे उघडून त्यातून दीडशे सैनिक किंवा दोन चिलखती गाड्या उतरत. वेग चौपट होता, हे कबूल. पण दोनशे किलोमीटरच्या समुद्रावर चौपट वेगाने वाचणारा तास-दीड तास सोडला, तर बाकी सगळ्यात हॉवरक्राफ्ट सरस ठरते, आणि रणगाडा उतरवता न येणाऱ्या उतरण-यानाला सेनापती किती किंमत देणार? ऑर्ल्योनोकच्या शेपटीवरचे एनके-१२ इंजिन मात्र अव्वल होते. त्याच घराण्यातल्या इंजिनांवर भारतीय नौदलाची तुपोलेव्ह-१४२ विमाने १९८८ पासून आधी गोव्याहून आणि मग अरक्कोणमहून २०१७ पर्यंत हिंदी महासागरावर हजारो किलोमीटरची गस्त घालत राहिली. तेच इंजिन उंच हवेत काय करू शकते, हे त्या गस्तींनी दाखवले.

सर्वांत जोरकस आक्षेप ‘लून’चा आहे. १९८६ मध्ये पाण्यात उतरलेले हे यान ७३.८ मीटर लांब, कमाल वजन ३८० टन, आठ इंजिने, आणि पाठीवर तिरक्या नळकांड्यांत सहा मोस्कित क्षेपणास्त्रे. हे यान शत्रूच्या रडारखालून ताशी पाचशे किलोमीटरने येणार, पाणबुडीच्या टॉर्पेडोला सापडणार नाही, सुरुंगाला स्पर्श करणार नाही, आणि ध्वनीच्या दुपटीहून जास्त वेगाने जाणारी सहा क्षेपणास्त्रे सोडून परतणार. विमानवाहू नौकांविरुद्ध याहून चांगले हत्यार कोणते, असे विचारले जाते. पण पाण्यालगत उडणारा जसा दिसत नाही, तसे त्यालाही दिसत नाही. पृथ्वीच्या गोलाईचा साधा हिशेब केला तर पाण्यापासून वीस मीटर उंचीवरच्या रडारला तीस मीटर उंच जहाज सुमारे चाळीस किलोमीटरवरूनच दिसू शकते. मोस्कितचा पल्ला शंभर किलोमीटरच्या आसपास. म्हणजे आपल्या क्षेपणास्त्राचा पल्ला पुरता वापरायला लूनला दुसऱ्या कोणाच्या तरी डोळ्यांची गरज होती: विमानाच्या, उपग्रहाच्या किंवा जहाजाच्या. आणि अमेरिकी विमानवाहू ताफ्यावर तोवर हॉकआय विमाने घिरट्या घालू लागली होती. त्यांचे रडार वरून खाली पाहते. वरून पाहणाऱ्याला लाटांलगत, पांढरा फवारा उडवत जाणारे ७४ मीटरचे धातूचे यान लपलेले नसते. उंच उडून निसटण्याची सोय त्याला नाही, झटकन वळण्याचीही नाही, कारण पाण्यापासून काही मीटरवर पंख फार तिरका केला तर तो पाण्यात जातो. दुसऱ्या बाजूला सुमारे पाचशे टनांच्या टारांटुल वर्गातल्या छोट्या युद्धनौका चार-चार मोस्कित घेऊन फिरू शकत होत्या, दिवसेंदिवस समुद्रात थांबू शकत होत्या, आणि कोणत्याही बऱ्या गोदीत बांधता येत होत्या. त्याच आराखड्यावरच्या वीर वर्गाच्या काही नौका, वेगळी क्षेपणास्त्रे लावून, आपल्याकडे मुंबईच्या माझगाव गोदीत आणि गोवा शिपयार्डमध्ये बांधल्या गेल्या. लून मात्र एकच झाले.

मग प्रश्न उरतो आकाराचा. पाणी मोठे यान मागत असेल तर ते आणखी मोठे का करू नये? अमेरिकेत हा विचार गांभीर्याने झाला. शीतयुद्ध संपल्यावर अमेरिकी तज्ज्ञ कास्पीस्कला जाऊन आले. पाच हजार टनांच्या यानाचा एक प्रस्ताव तेव्हा चर्चेत होता. संरक्षण खात्याच्या दार्पा संस्थेने १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात त्याचा अभ्यास केला, पाण्यातून उठायला लागणाऱ्या प्रचंड रेट्यावर बोट ठेवले आणि असे यान बांधण्याच्या फंदात सरकार पडले नाही. २००२ मध्ये बोइंगने पेलिकनचा आराखडा मांडला: पंखांचा पसारा सुमारे १५२ मीटर, १,२०० टनांहून अधिक माल, महासागरावर सहाएक मीटर उंचीने उड्डाण. हा आराखडा मला फार बोलका वाटतो तो एका कारणासाठी. पेलिकनला ७६ चाके होती. ते पाण्यातून उडणारच नव्हते. लाटांचा हिशेब मांडून झाल्यावर जगातल्या सर्वांत अनुभवी विमान कंपनीच्या अभियंत्यांनी एक्रानोप्लानला धावपट्टीवर परत नेले. त्याआधी तीस वर्षे, इटलीतून सोव्हिएत संघात आलेले रॉबर्ट बार्तिनी हेही याच भिंतीशी झगडत होते. त्यांच्या व्हीव्हीए-१४ ने पोटातल्या इंजिनांच्या जोरावर सरळ वर उठायचे, म्हणजे पाण्यात धावण्याचा प्रश्नच मिटेल, अशी त्यांची योजना होती. यान १९७२ मध्ये उडाले, पण धावपट्टीवरून. उचलणारी इंजिने कधी मिळालीच नाहीत, आणि १९७४ मध्ये बार्तिनी वारले. जो जो या कल्पनेच्या खोलात गेला, त्याने पाण्यातून उठण्याला वळसा घालायचा प्रयत्न केला. टीकाकारांच्या मतापेक्षा या समर्थकांच्या आराखड्यांना मी अधिक मोठा पुरावा मानतो.

माझ्या म्हणण्याला खरोखर अडवणारे उदाहरण एकच आहे. ७ एप्रिल १९८९ रोजी नॉर्वेजियन समुद्रात सोव्हिएत पाणबुडी कोम्सोमोलेत्सला आग लागली. सकाळी अकराच्या सुमारास लागलेल्या आगीशी खलाशी सहा तास झुंजले आणि संध्याकाळी पाणबुडी बुडाली. ६९ पैकी ४२ जण मेले, त्यांतले बहुतेक आगीने नव्हे, थंड पाण्यात वाट पाहताना. विमाने डोक्यावर आली, त्यांनी तराफे टाकले, पण विमान समुद्रात उतरू शकत नाही. जहाज पोचले ते पाणबुडी बुडाल्यानंतर तासाभराने. कोला द्वीपकल्पावरच्या तळांपासून ही जागा हजार किलोमीटरच्या आत होती. ताशी साडेचारशे किलोमीटरने जाणारे यान, हुकूम निघाल्यावर तीन तासांच्या आत तिथे असते. या दुर्घटनेनंतर लूनच्या जोडीचे दुसरे अर्धवट बांधलेले यान ‘स्पासातेल’ या बचाव-यानात बदलायचे ठरले. आत शस्त्रक्रियेची सोय, पाचशेपर्यंत माणसे घेण्याची जागा. हे काम पैशाअभावी थांबले, आणि यान निझनी नोव्हगोरोदच्या कारखान्यात पडून राहिले. इथे मी लाटेचा युक्तिवाद पुढे करून मोकळा होणार नाही. युद्धयानाला ठरल्या दिवशी, ठरल्या तासाला, हवामान कसेही असो, निघावे लागते. वर्षातले निम्मे दिवस जे समुद्रावर उतरू शकत नाही त्यावर नौदल विसंबू शकत नाही. बचाव-यानाचा हिशेब वेगळा असतो. दहा दुर्घटनांपैकी चारच वेळा ते उतरू शकले तरी त्या चार वेळची माणसे जगतात. शिवाय तिथे ते विमानाशी किंवा जहाजाशी स्पर्धाच करत नाही, कारण विमान उतरत नाही आणि जहाज वेळेत पोचत नाही. या यानांच्या साऱ्या इतिहासात इतके चोख बसणारे काम हे एकच होते. ते सुचायला ४२ माणसे मरावी लागली, आणि सुचले तेव्हा तिजोरी रिकामी झाली होती. नोकरशाहीला दोष द्यायचाच असेल तर तो इथे द्यावा: अलेक्सेयेव यांच्या हयातीत, पैसा होता तेव्हा, सेनापतींनी या यंत्राकडून फक्त हल्ल्याची मागणी केली.

गेल्या काही वर्षांत ही कल्पना पुन्हा डोके वर काढते आहे, आणि आता काळ बदलला, असे सांगितले जाते. संगणक क्षणोक्षणी पंख सावरतो, कार्बन-तंतूंचे अंग हलके आणि भक्कम असते, पॅसिफिकमध्ये बेटांमधली अंतरे नेमकी शे-पाचशे किलोमीटरची आहेत, तिथले बंदर आणि धावपट्टी युद्धात पहिल्याच दिवशी उद्ध्वस्त होतील. यातला संगणकाचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. केएमला ज्याने मारले ते नाक वर उचलले जाणे आज यंत्र स्वतः रोखू शकते. तेव्हा त्यावर उपाय म्हणून जवळजवळ मुख्य पंखाएवढी रुंद शेपटी उंचावर बांधावी लागली होती. पण संगणक लाट खाली बसवत नाही. इराणने २०१० मध्ये बावर-२ नावाची चिमुकली याने नौदलात आणली. ती आखाताच्या आतल्या पाण्यापुरती आहेत, आणि तिथे ती शोभतात. चीनमध्ये २०२५ मध्ये बोहाई समुद्राच्या किनाऱ्यावर उभ्या असलेल्या एका मोठ्या करड्या यानाची छायाचित्रे बाहेर आली. बोहाई हा तीन बाजूंनी वेढलेला उथळ समुद्र आहे, हे लक्षात घेण्यासारखे. तैवानच्या सामुद्रधुनीत हिवाळ्यातल्या ईशान्य वाऱ्यांनी उठणारे पाणी बोहाईसारखे नाही. अमेरिकेच्या दार्पाने २०२२ मध्ये ‘लिबर्टी लिफ्टर’ हाती घेतले: सी-१७ विमानाएवढा माल, धावपट्टीविना, उधाणलेल्या समुद्रातही उठण्याची क्षमता. म्हणजे या वेळी लाटेचा प्रश्न टाळला गेला नव्हता, अटींमध्येच लिहिला होता. २०२५ मध्ये तो कार्यक्रम यान न बांधताच आवरता घेतला गेला.

त्याच सुमारास अमेरिकी मरीन कोअरने ज्या प्रयोगाला पैसे दिले तो आकाराने अगदी लहान आहे. अमेरिकेतल्या रीजंट कंपनीचे बारा प्रवाशांचे विजेवर चालणारे यान. पल्ला तीनशे किलोमीटरच्या आत, वेग ताशी तीनशेच्या आत. ते बंदरातून होडीसारखे निघते, मग पाण्याखालच्या पंखांवर उभे राहून अंग लाटांच्या वर उचलते, आणि वेग आल्यावर तिथून वरच्या पंखांवर जाते. म्हणजे पाण्याचा तो रोधाचा कळस हायड्रोफॉइलवर ओलांडायचा, आणि त्यासाठी वाहून न्यावी लागणारी जादा इंजिने वाचवायची. अलेक्सेयेव यांना दोन्ही पंख ठाऊक होते. ५४४ टनांच्या यानाला पाण्याखालच्या पंखांवर तोलणे मात्र त्यांना शक्य नव्हते. बारा माणसांच्या यानाला ते जमते. खाडी, आखात, बेटांच्या आडोशाचे पाणी, आजारी माणूस, औषधे, रेडिओचे सामान, दहा-बारा सैनिक: एवढ्यासाठी हे वाहन खरोखर उपयोगाचे ठरू शकेल असे मला वाटते. त्यावर क्षेपणास्त्रे चढवून ते महासागरावर नेण्याचे बेत पुन्हा मांडले जातील तेव्हा वेग, पल्ला आणि वजन यांच्या आकड्यांआधी एक आकडा मागून घ्यावा: भरल्या वजनानिशी, स्वतःच्या जोरावर, ते किती मीटरच्या लाटेतून उठते.